लोकमान्यांचे पथ्य

लोकमान्य टिळकांना मधुमेहाने ग्रासले, तेव्हा इन्शुलिन उपलब्ध नव्हते. पथ्य हाच मुख्य उपचार होता. १९०८ मध्ये त्यांची रवानगी मंडालेच्या तुरुंगात झाली. तेथे सातारा जिल्ह्यातील कैदी वासुदेव रामराव कुलकर्णी त्यांचा स्वयंपाक करीत. भात व गहू वर्ज्य करून टिळकांनी जवाच्या, म्हणजेच सातूच्या पिठावर भर दिला. पिष्टमय पदार्थांची पचनानंतर साखरच होते. मात्र सातूतील विद्राव्य तंतूंमुळे ती रक्तात सावकाश उतरते. हे पथ्य सांभाळतच त्यांनी कारावास भोगला, 'गीतारहस्य' लिहून काढले आणि १९१४ मध्ये ते पुण्यास परतले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभरातच, १९२१ मध्ये, टोरांटोत इन्शुलिनचा शोध लागला.