कै. बाळासाहेब खेर

बाळ गंगाधर खेर ह्यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजीं रत्नागिरी येथें झाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजांतून ते पदवीधर झाले. संस्कृताचा त्यांचा व्यासंग मोठा होता. पुढें सॉलिसिटर म्हणून त्यांचा उत्तम जम बसला. परंतु कायदेभंगाची हांक येतांच त्या सुखाकडे पाठ फिरवून त्यांनीं तुरुंगवास पत्करला.

१९३७ सालीं ते मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान झाले. सत्याग्रहांत जप्त झालेल्या जमिनी त्यांच्या मंत्रिमंडळानें गुजराथच्या शेतकऱ्यांस परत मिळवून दिल्या. १९३९ सालीं हिंदुस्थानास न विचारतां युद्धांत ओढण्यांत आलें, तेव्हां हातीं घेतलेलीं कामें अपुरीं असतांही त्यांनीं सहकाऱ्यांसह अधिकार सोडला. मात्र ते स्वस्थ बसले नाहींत. १९४० सालीं आपल्या ठाणें जिल्ह्यांतील आदिवासी बांधवांसाठीं त्यांनीं आदिवासी सेवा मंडळ स्थापिलें.

१९४६ पासून १९५२ पर्यंत त्यांनीं पुनः मुंबईचा कारभार पाहिला व नंतर लंडन येथें भारताचे हायकमिशनर म्हणून काम केलें. ८ मार्च १९५७ रोजीं पुणें येथें ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, पद मिळविणारे पुष्कळ असतात. तत्त्वासाठीं तें सोडून पाड्यांवरील मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणारे विरळा. आंबिवलीच्या आपण रहिवाशांनीं त्यांचें स्मरण ठेवणें उचित होय.