हिरव्या टेबलावरचा पहिला जगज्जेता : विल्सन जोन्स

स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात पहिले जगज्जेतेपद कोणी मिळवून दिले, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांच्या तोंडी धावपटू, मल्ल किंवा बॅडमिंटनपटूचे नाव येते. खरे उत्तर मात्र पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत आयुष्य घालविलेल्या एका बिलियर्ड्‌सपटूचे आहे. विल्सन जोन्स हे त्याचे नाव. विक्रम मोठा असूनही नाव विस्मरणात का गेले, याचे उत्तर त्यांच्या चरित्राइतकेच त्यांच्या खेळाच्या स्वरूपातही दडलेले आहे.

विल्सन लायोनेल गार्टन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. बिशप्स आणि सेंट व्हिन्सेंट्‌स या पुण्यातील शाळांत त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी बिलियर्ड्‌सचे टेबल पाहायला मिळायचे ते लष्करी मेसमध्ये, संस्थानिकांच्या वाड्यांत आणि साहेबी जिमखान्यांत. आज पूलपेक्षाही अधिक वलय लाभलेला स्नूकर याच वातावरणात जन्मला. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो खेळायला सुरुवात केली. जगाला एक खेळ देणाऱ्या या देशात सर्वसामान्य मुलाला मात्र त्या टेबलापर्यंत पोचणे अवघड होते.

बिलियर्ड्‌स हा तीन चेंडूंचा खेळ. आपल्या चेंडूने उरलेल्या दोघांना स्पर्श करणे किंवा चेंडू खिशात घालणे, यातून गुण मिळतात. एकदा लय सापडली की खेळाडू तासन्‌तास टेबल सोडत नाही आणि प्रतिस्पर्ध्याला खुर्चीत बसून राहावे लागते. संयम, एकाग्रता आणि हाताची नजाकत यांची ही कसोटी जोन्स यांच्या स्वभावाला मानवली. १९५० ते १९६६ या काळात त्यांनी बिलियर्ड्‌सचे राष्ट्रीय विजेतेपद तब्बल १२ वेळा पटकावले. स्नूकरचे राष्ट्रीय विजेतेपदही त्यांच्याकडे पाच वेळा आले.

जागतिक यश मात्र सहजासहजी मिळाले नाही. पन्नासच्या दशकाच्या आरंभापासून ते जागतिक हौशी स्पर्धेत उतरत होते, पण विजेतेपद हुलकावणी देत राहिले. अखेर १९५८ मध्ये कलकत्त्यात झालेल्या स्पर्धेत त्यांनी ते खेचून आणले. त्याच वर्षी मिल्खासिंग यांनी कार्डिफ येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले होते. धावणे कोणालाही कळते; मिल्खासिंग घरोघरी पोचले. बिलियर्ड्‌सचे टेबल मात्र देशातील फार थोड्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिले होते. जोन्स यांचा पराक्रम क्लबांच्या भिंतींआडच राहिला.

१९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी दुसऱ्यांदा जगज्जेतेपद मिळविले आणि पहिले यश केवळ घरच्या टेबलावरचे नव्हते, हे सिद्ध केले. १९६२ सालच्या अर्जुन पुरस्काराने आणि १९६५ मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला.

खेळाडू म्हणून थांबल्यानंतर जोन्स यांनी जे केले, ते कदाचित अधिक मोलाचे ठरले. ते प्रशिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ झालेल्यांमध्ये मायकेल फरेरा, ओम अगरवाल, अशोक शांडिल्य अशी नावे आहेत. फरेरा यांनी १९७७ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्‌सचे विजेतेपद मिळविले. अगरवाल १९८४ मध्ये स्नूकरचे हौशी जगज्जेते ठरले. बँकॉकमध्ये १९९८ साली आशियाई क्रीडा स्पर्धांत क्यूच्या खेळांना प्रथमच स्थान मिळाले, तेव्हा शांडिल्य यांनी गीत सेठींच्या साथीने दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले. त्याआधीच १९९६ मध्ये जोन्स यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला होता. ५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियातील बिलियर्ड्‌स हॉलला त्यांचे नाव आहे.

ही स्मृतीही एका क्लबातच जपली गेली, हे लक्षणीय आहे. पूर्ण आकाराचे बिलियर्ड्‌सचे टेबल १२ फूट लांब, सहा फूट रुंद असते. कापडाखाली पाटीच्या दगडाच्या जड फरश्या असतात. त्या काटेकोर समतल ठेवाव्या लागतात. खेळाला प्रशस्त, बंदिस्त दालन हवे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात कुस्तीला आखाडा आणि कबड्डीला मोकळी जागा पुरते. तेथे असा खर्च कोण उचलणार, हा प्रश्न रास्तच आहे.

पूलने या अडचणीवर बऱ्याच अंशी तोड काढली. त्याचे स्पर्धेचे टेबल नऊ फुटांचे, डाव काही मिनिटांत संपणारा आणि नियम पाहता पाहता समजणारे. फिलिपिन्ससारख्या देशात हा खेळ गल्लीबोळात पोचला आणि तेथील एफ्रेन रेयेस १९९९ मध्ये नाइन-बॉलचे जगज्जेते झाले. ब्रिटनमध्ये रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर बीबीसीने १९६९ मध्ये स्नूकरचा खास कार्यक्रम सुरू केला आणि क्लबातील खेळ दिवाणखान्यात पोचला. खेळ डोळ्यांना दिसला आणि हाताला लागला की लोकप्रियता मागोमाग येते.

महागडी साधने आणि अचूक नेम यांचा खेळ जिल्ह्याच्या ठिकाणी रुजत नाही, हा समजही बुलढाण्यानेच खोटा ठरविला आहे. येथील प्रथमेश जावकर याने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णात वाटा उचलला. पूल व्यावसायिक खेळ म्हणून रुजवायचा, तर पार्लरच्या करमणुकीपलीकडे जाऊन शिकविणारा गुरू, ठरावीक स्पर्धा आणि सर्वांना खुले टेबल या तीन गोष्टी आधी उभ्या कराव्या लागतील. यांपैकी पहिली गोष्ट जोन्स यांनी आपल्या उत्तरायुष्यात स्वतः करून दाखविली. उरलेल्या दोन संघटनांनी आणि शासनाने करावयाच्या आहेत.