ताम्रपटावर तनाख : चित्रकार मार्क शागाल

एन केरेमच्या हदासा इस्पितळातील सिनेगॉगमध्ये इस्राएलच्या बारा वंशांच्या रंगीत काचेच्या खिडक्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. १९६२ साली बसविलेल्या या खिडक्या मार्क शागाल यांनी घडविल्या. परंतु त्यांनी तांब्यावर कोरलेली पवित्र शास्त्राची चित्रे थोड्यांनाच ठाऊक आहेत.

शागाल यांचा जन्म १८८७ साली आजच्या बेलारूसमध्ये, वितेब्स्कजवळ एका हसिदी कुटुंबात झाला. वडील हेरिंग मासळीच्या वखारीत राबत. आई वाणसामानाचे छोटे दुकान चालवी. अशा धर्मनिष्ठ घरातील हा मुलगा चित्रकार झाला आणि पुढे पॅरिसला स्थायिक झाला.

१९३० साली प्रकाशक व्होलार यांनी बायबलच्या चित्रांचे काम त्यांच्यावर सोपविले. १९३१ साली शागाल पत्नी बेला व कन्या इदा यांच्यासह एरेत्स इस्राएलला आले. त्यांनी यरुशलायिम पाहिले, राहेलमातेच्या कबरेचे चित्र काढले. नंतर तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढणे, त्या तेजाबाने खोल करणे, शाई भरून कागदावर ठसा घेणे असे चिकाटीचे काम वर्षानुवर्षे चालले.

१९३९ पर्यंत ६६ ताम्रपट पूर्ण झाले. त्याच वर्षी व्होलार अपघातात वारले आणि महायुद्ध पेटले. १९४१ साली शागाल जीव वाचवून अमेरिकेस गेले. त्याच वर्षी वितेब्स्कच्या घेट्टोतील यहुद्यांची कत्तल झाली. १९४४ साली परक्या भूमीत बेलाही अंतरल्या. एवढा आघात सोसूनही फ्रान्सला परतल्यावर १९५२ साली त्यांनी अर्धवट राहिलेले काम पुन्हा हाती घेतले. १९५६ साली १०५ चित्रांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

या चित्रांतील आपले पूर्वज सिंहासनावरचे राजे वाटत नाहीत. ते घरची वडीलधारी माणसे वाटतात. साराच्या मृत्यूने अब्राहाम रडतो, योसेफचा झगा पाहून याकोब आक्रोश करतो. जळत्या झुडपापाशी मोशेला परमेश्वर दिसतो तो केवळ हिब्रू अक्षरांच्या रूपाने. अग्निरथातून जाणारा एलीयाहू हन्नबीही येथे आहे. त्याला पाहताच आपल्याला कोकणातील खंडाळ्याची आठवण होणारच.

२८ मार्च १९८५ रोजी, ९७ व्या वर्षी, शागाल फ्रान्समध्ये निवर्तले. वाचकहो, नातवंडांना पवित्र शास्त्रातील गोष्टी सांगताना ही चित्रेही त्यांना अवश्य दाखवा.