साडीतील मरियामाता : चित्रकार आंजेलो द फोन्सेका

पंढरीची मूर्ती कोणाची, हे सोलापूरकरांस सांगावे लागत नाही. पायांखालची वीट आणि कटीवरचे कर पाहताच ओळख पटते. ख्रिस्ती संतचित्रांचीही अशीच खूणभाषा आहे. हाती किल्ल्या असलेला तो संत पेत्र, निळा शेला मरियामातेचा, शुभ्र लिलीचे फूल तिच्या निष्कलंकतेचे. सतराव्या शतकातील युरोपच्या बरोक शैलीने या खुणांना नाट्यमय मांडणी दिली. गडद अंधारातून तिरपा उतरणारा प्रकाश, वर मेघांवर देवदूत, खाली आकाशाकडे दृष्टी लावलेले संत. पोर्तुगीजांबरोबर ही शैली गोव्यात आली आणि तेथील सोनेरी वेदींवर स्थिरावली.

त्याच गोव्यात, सांत इस्तेव येथे, १९०२ साली आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील पाश्चात्त्य धर्तीच्या शिक्षणात त्यांचे मन रमेना. ते बंगालात गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. गोव्यास परतल्यावर त्यांनी मरियामातेला साडी नेसविली. समाजातील प्रतिष्ठितांना आणि धर्मगुरूंना ते रुचले नाही. टीका असह्य झाली, तेव्हा या रोमन कॅथलिक चित्रकाराने पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या अँग्लिकन आश्रमात आसरा घेतला. मुंबईचे इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी त्यांना धीर दिला.

फोन्सेका यांनी श्रद्धा बदलली नाही, खुणा बदलल्या. लिलीच्या जागी कमळ आले, मेणबत्तीच्या जागी समई. बरोक चित्रातील धावपळ मावळली. सौम्य जलरंगांत, मोकळ्या अवकाशात, मरिया अनवाणी पायांनी भुईवर शांत बसली. खूण पाहणाऱ्याला न सांगता कळावी लागते. आपल्या शेतशिवारात न उगवणारे फूल पावित्र्याची साक्ष कशी देणार?

रोमन चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२ ते १९६५) स्थानिक संस्कृतींना उपासनेचे दार उघडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६७ साली, फोन्सेका निवर्तले. ज्या गोव्याने त्यांना दूर लोटले, तेथेच पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आज त्यांची चित्रे जतन केलेली आहेत. नाताळच्या या दिवशी गोठ्यातील बाळाशेजारी बसलेली त्यांची साडीतील माता कोणाही मराठी घरातील बाळंतिणीस परकी वाटणार नाही.