पाउल एर्लिख : रंगातून रिसेप्टरपर्यंत

बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला आपण रक्ताची स्लाइड रंगवतो. रंग टाकला, पाण्याने धुतला, मायक्रोस्कोपखाली ठेवला, झालं! पण एक रंग एकाच पेशीला धरतो आणि शेजारचीला सोडतो, हे का? पाउल एर्लिख यांनी या प्रश्नाचा पिच्छा जन्मभर सोडला नाही.

१४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातल्या श्ट्रेलेन गावी (आज ते पोलंडमध्ये आहे) एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८७८ साली त्यांनी डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला, तोही रंगांवरच. पुढे बर्लिनमध्ये काम करताना त्यांना क्षय झाला. इजिप्तच्या कोरड्या हवेत राहून ते परतले आणि पुन्हा कामाला लागले. १८९१ मध्ये मलेरियाच्या दोन रुग्णांना त्यांनी मिथिलीन ब्ल्यू दिला. जो रंग जंतूला चिकटतो, तोच त्याला मारूही शकेल, असा त्यांचा हिशेब होता.

पेशीवर विष किंवा अन्न पकडणारे भाग असतात, असं त्यांनी मांडलं. या भागांना पुढे रिसेप्टर हे नाव मिळालं. औषधांसाठीही असे रिसेप्टर असतात, हे मात्र त्यांना बरीच वर्षं पटत नव्हतं. ते पटवून दिलं उंदरांनी.

त्या काळी आफ्रिकेत निद्रारोगाने लाखो माणसं मरत होती. ट्रिपॅनोसोम हा एकपेशीय परजीवी त्याचं कारण. अॅटॉक्सिल हे आर्सेनिकचं औषध होतं, पण त्याने काहींची दृष्टी जायची. फ्रांकफुर्टला एर्लिख यांनी १९०४ मध्ये शिगा या जपानी सहकाऱ्याबरोबर ट्रिपॅन रेड हा रंग उंदरांवर वापरला. उंदीर बरे झाले. पण पुढच्या प्रयोगांत काही उंदरांच्या रक्तात परजीवी परत दिसू लागले, आणि आता त्याच औषधाला ते दाद देईनात! दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावला असता. एर्लिख यांनी बारकाईने पाहिलं. आर्सेनिकला न जुमानणारा परजीवी रंगाने मरत होता, आणि रंगाला न जुमानणारा आर्सेनिकने. म्हणजे प्रत्येक औषधाला धरणारी जागा वेगळी, आणि त्या जागेची पकड सैल झाली की औषध निकामी. १९०७ च्या सुमारास त्यांनी आपलं जुनं मत बदललं.

१९०८ साली त्यांना रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी मेचनिकॉव्ह यांच्यासोबत नोबेल मिळालं. १९०९ मध्ये हाता या सहकाऱ्याने ६०६ क्रमांकाचं संयुग सिफिलिसवर गुणकारी असल्याचं दाखवलं. २० ऑगस्ट १९१५ रोजी एर्लिख वारले.

रिसेप्टर त्यांनी डोळ्यांनी कधीच पाहिला नाही. तो पेशीवर टिकतो कसा, हे कळायला १९८० चं दशक उजाडलं. ट्रिपॅनोसोमच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या सुमारे १ कोटी प्रतींचं दाट आवरण असतं. प्रत्येक प्रत जीपीआय नावाच्या साखर आणि स्निग्धाच्या नांगराने पटलात रोवलेली असते. रक्तातलं लोह ओढून घेणारा त्याचा रिसेप्टरही अशाच नांगरावर उभा आहे. आर्सेनिकला दाद न देणाऱ्या परजीवींमध्ये औषध आत घेणारी प्रथिनंच बदललेली किंवा नाहीशी झालेली सापडली. तपशील वेगळा निघाला, पण दिशा एर्लिख यांचीच होती.

मित्रांनो, प्रयोग फसला की आपण वहीतलं ते पान फाडून टाकतो. पुढच्या वेळी फाडण्याआधी एकदा नीट वाचून बघू या.