केडगावच्या रमाबाई आणि दूरदेशीची सेवा



गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हांला भेटायला आला. नुकताच पदवीधर झालेला, स्वभावाने साधा. त्याला परदेशातील एका अनाथालयात तीन महिने स्वयंसेवक म्हणून जायचे आहे आणि त्यासाठी धर्मगुरूंचे शिफारसपत्र हवे आहे. जाण्यायेण्याचा खर्च स्वतःचाच. आईने बचतगटाकडून पैसे उचलायची तयारी केली आहे. ख्रिस्ती म्हणून काहीतरी करायचे, हे तो मनापासून बोलत होता, आणि ते ऐकून आम्हांला आनंद झाला. पण तिथली भाषा येते का, आणि तू परत आल्यावर ती मुले कोणाच्या तोंडाकडे बघणार, असे आम्ही विचारले तेव्हा तो गप्प झाला. खरे सांगायचे तर पूर्ण उत्तर आमच्याकडेही नव्हते. पत्र लिहून ठेवले, सही मात्र राहिली.

त्या रात्री आम्हांला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. बारामतीहून दौंडमार्गे पुण्याला जाणाऱ्या गाडीत आपण कितीदा तरी केडगाव स्टेशनावरून गेलो असू. इंदापूरकडची मंडळी सोलापूर रस्त्याने जाताना चौफुल्यावर चहा घेतात, तिथूनही केडगाव जवळच. इतक्या जवळ असूनही रमाबाईंचे चरित्र आपल्या कुटुंबांत फारसे वाचले जात नाही. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, हे एक कारण असावे. ते कारण पुरेसे आहे असे आम्हांला वाटत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना स्वजातीचा रोष सहन करावा लागला. ते अरण्यात जाऊन राहिले, याच्या मागे हीच कथा आहे. आई लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या धाकट्या मुलीला शिकवले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांत पुराण सांगत भारतभर फिरले. मोरोपंतांच्या बारामतीत पुराणिक म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. फक्त इथे पुराण सांगणारी एक लहान मुलगी होती आणि तिला भागवताचे हजारो श्लोक पाठ होते.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. भीक मागायची सवय नाही, अंगमेहनतीची सवय नाही, साठवलेले पैसे संपलेले. आई, वडील आणि थोरली बहीण या उपासमारीत गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी चालले, कधी नुसती रानबोरे खाऊन. पुढे ज्यांनी दीड हजारांहून अधिक अनाथांना जेवू घातले त्या बाई स्वतः अनाथ होत्या, भुकेने पोट आवळणे म्हणजे काय हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नव्हते.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर तान्ही मुलगी. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकी जमली नाही. बरोबर गेलेल्या मैत्रिणीचा तिथे दुर्दैवी अंत झाला.

आता या चरित्रातील ज्या प्रसंगासाठी आम्ही लिहायला बसलो तो प्रसंग. रमाबाई वाँटेज या गावी अँग्लिकन पंथाच्या धर्मभगिनींकडे राहत होत्या. याच संघाच्या भगिनी पुण्यात पंचहौदाजवळ काम करीत, तिथूनच ओळख झालेली. त्यांनी रमाबाईंना लंडनमधील फुलहॅम येथले आपले आश्रयगृह दाखवले. समाजाने टाकलेल्या, वाईट मार्गाला लागलेल्या स्त्रिया तिथे राहत आणि या भगिनी त्यांची सेवा करीत. आपल्याकडे अशा स्त्रीच्या सावलीलाही कोणी उभे राहत नाही, हे रमाबाईंनी पाहिलेले होते. हे प्रेम येते कुठून, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची विहिरीवरील भेट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

लक्षात घ्या, फुलहॅमच्या भगिनी परदेशी गेलेल्या नव्हत्या. त्या आपल्याच शहरातील, आपल्याच भाषेतील दुःखी बायकांची वर्षानुवर्षे सेवा करीत होत्या. परदेशी होती ती पाहणारी. ती तिथे काही वाटायला गेलेली नव्हती, शिकायला गेलेली होती.

रमाबाईंनी सर्व काही निमूटपणे घेतले असे मात्र नाही. ख्रिस्ती झाल्यावरही त्या शाकाहारीच राहिल्या आणि धर्मभगिनींना ते रुचले नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन शब्द होते, ते त्यांना नको होते, त्या जागी संस्कृत शब्द हवे होते. (आपल्याकडील वडीलधाऱ्यांना लॅटिन मिस्सा आठवत असेल. आपल्या भाषेत उपासना व्हावी हे रमाबाईंनी आपल्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी मागितले!) त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे काही बिशपांचे म्हणणे होते, तेही त्यांना पटले नाही. त्रैक्याविषयीही त्यांनी अवघड प्रश्न विचारले. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा असे प्रश्न विचारणारा विद्यार्थी कोणालाच फारसा आवडत नसे. पण प्रश्न विचारून जी श्रद्धा उरते ती पुढे दुष्काळातही टिकते, हे त्यांच्या बाबतीत दिसले.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तिथे फिरून भारतातील बालविधवांसाठी मदत गोळा केली. मनोरमेला काही काळ वाँटेजच्या भगिनींकडे ठेवावे लागले. इतरांच्या मुलांसाठी फिरणाऱ्या आईला स्वतःच्या मुलीपासून दूर राहावे लागते, ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत सांगून पुढे जातात. त्या एका ओळीत काय काय असेल हे आपल्या धर्मग्रामातील आयांना आमच्यापेक्षा अधिक कळेल.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. विधवा मुलींना शिक्षण द्यायचे, धर्माची सक्ती नाही, असे ठरलेले होते. १८९३ मध्ये वादळ उठले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या होत्या. ‘केसरी’ने कडाडून टीका केली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. ख्रिस्ती लेखक या प्रसंगी बहुधा रमाबाईंचीच बाजू घेतात. त्यांनी कोणाला बळजबरी केली नाही, हे आम्हीही मानतो. तरीही टीकाकारांचा प्रश्न अगदी पोकळ नव्हता. ज्याच्या हातून रोजची भाकरी मिळते त्याला नाही म्हणणे लहान मुलाला सोपे नसते. अनाथालयात सेवेला जाणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने हा प्रश्न बरोबर नेला पाहिजे. रमाबाईंनी पुढे केडगावचे काम उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच उभारले. आडून काही करायचे नाही, एवढे तरी त्यातून साधले.

१८९६ चा दुष्काळ मध्य प्रांतात भीषण होता. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. मरायला टेकलेल्या, वाईट माणसांच्या हाती लागण्याच्या बेतात असलेल्या मुली त्यांनी गोळा केल्या, अशा सुमारे तीनशे. पुण्यात प्लेग सुरू होता, सरकारी अधिकाऱ्यांनी शहरात एवढ्या मुली ठेवायला मनाई केली. केडगावला आधीच घेतलेली माळरानाची जमीन होती. तिथे राहुट्या आणि छपरे उभी राहिली, विहिरी खणल्या गेल्या. हेच पुढे मुक्तिसदन झाले. १९०० च्या दुष्काळानंतर मुलींची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले, अंधांसाठी बार्तिमी सदन. शेती, गाईगुरे, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना हे सारे मुली स्वतः चालवीत.

इथेच परदेशी स्वयंसेवक येतात. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथून पैसे आले आणि माणसेही आली. त्यांतील मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथॉडिस्ट बाईंचे नाव सर्वांत मोठे. त्या केडगावला आल्या तेव्हा भारतात नवख्या नव्हत्या. १८८७ पासून त्या मुंबईत मुलींच्या शिक्षणाचे काम करीत होत्या, मराठी शिकल्या होत्या. म्हणजे दहा वर्षे इथली भाषा, इथले ऊन आणि इथला ताप पचवून मग त्या अनाथांकडे आल्या. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा कारभार एकट्या एब्रम्सबाईंकडे दिला नाही, सुंदराबाई पवार या आपल्या मराठी ख्रिस्ती भगिनीही बरोबरीने होत्या. एब्रम्सबाई १९१२ मध्ये भारतातच वारल्या.

आणखी एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. दुष्काळातून नव्या आलेल्या मुलींना न्हाऊ घालायला, जेवू घालायला, रात्री जवळ घेऊन झोपायला कोण होते? बहुतेक वेळा शारदासदनातील जुन्या मुली. काल जी स्वतः आश्रयाला आली ती आज दुसरीची आई झाली. १९०० च्या दुष्काळात मुली शोधायला रमाबाईंनी मुक्तीतील स्त्रियाच पाठवल्या. दूरदेशीच्या पाहुण्यांचे काम मोलाचे होते, पण मूल ज्या मांडीवर झोपे ती मांडी उद्या जहाजात बसून निघून जाणारी नव्हती.

आज या विषयाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. अनेक देशांतील अनाथालयांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील यांपैकी कोणीतरी हयात असते, केवळ गरिबीमुळे मूल तिथे येते. काही ठिकाणी तर पैसे देणारे पाहुणे येत राहावेत म्हणूनच मुले भरली जातात. दर दोन-तीन महिन्यांनी नवा ताई-दादा येतो, लळा लावतो आणि जातो, याची जखम मुलांच्या मनात राहते. आमच्या तरुणाला हे सांगताना आम्हांला वाईट वाटले. त्याच्या मनात पाप नाही. भवानीनगरच्या कारखान्यावर ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांभोवती खेळणारी पोरे त्याने लहानपणापासून पाहिली आहेत, त्यांची भाषाही त्याला येते, हे मात्र त्याच्या अजून ध्यानात आलेले नव्हते.

रमाबाईंची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतरात गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी ते केले आणि मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच ते छापले. काम मनोरमा पुढे नेईल अशी त्यांची आशा होती. मनोरमा परदेशात शिकून परत आली होती, तिने गुलबर्ग्याला शाळाही चालवली. पण जुलै १९२१ मध्ये ती आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावात देह ठेवला. भाषांतर तेव्हा नुकतेच हातावेगळे झाले होते. अँग्लिकन ख्रिस्तसभा इंग्लंडमध्ये ३० एप्रिलला त्यांचे स्मरण करते.

त्या तरुणाला आम्ही पुढच्या शनिवारी केडगावला नेत आहोत. भेटीच्या परवानगीसाठी पत्र पाठवले आहे. परवानगी आली तर आत जाऊ, नाही तर बाहेरूनच नमस्कार करून येऊ. त्याचे शिफारसपत्र अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे आणि परत आल्यावर त्यावर पुन्हा बोलायचे असे आमचे ठरले आहे. आणखी कोणाला यायचे असल्यास मिस्सा संपल्यावर नाव द्यावे. डबा आपापला आणावा, आणि तिथल्या मुलांचे फोटो कोणीही काढू नयेत.

आपले धर्मगुरू