विश्लेषण : देशादेशांतील स्त्रीजीवनाची तुलना पंडिता रमाबाईंनी कशी केली?

स्त्रियांसाठी कोणता देश किती चांगला आणि किती सुरक्षित, हे सांगणाऱ्या क्रमवाऱ्या आता नियमित प्रसिद्ध होतात. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाची संस्था आणि ऑस्लो येथील शांतता संशोधन संस्था मिळून ‘महिला, शांतता आणि सुरक्षा निर्देशांक’ काढतात. त्याच्या २०२३-२४ च्या आवृत्तीत १७७ देश होते. डेन्मार्क पहिला, अफगाणिस्तान शेवटचा आणि भारत १२८ वा. एकोणिसाव्या शतकात अशी यादी नव्हती. त्या काळात एका मराठी विधवेने भारत आणि अमेरिका या दोन देशांतील स्त्रीजीवनावर दोन पुस्तके लिहिली. भारताविषयीचे पुस्तक अमेरिकी वाचकांसाठी इंग्रजीत, तर अमेरिकेविषयीचे मराठी वाचकांसाठी मराठीत. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या आयुष्याकडे या बाजूने पाहिले, तर आजच्या क्रमवाऱ्या कशा वाचाव्यात याचेही उत्तर मिळते.

ही नजर त्यांच्याकडे आली कुठून?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे, आजच्या कर्नाटकात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी ते मुलीला शिकवले. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर तीर्थयात्रा करत फिरले. दुष्काळात आई-वडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. उरलेल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे हा विवाह त्या काळात धक्कादायक ठरला. मुलगी मनोरमा एक वर्षाची होण्याआधीच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पतीचे पटकीने निधन झाले. तेव्हा रमाबाई २३ वर्षांच्या होत्या. भूक, स्थलांतर, वैधव्य आणि स्त्रीने शिकण्याला होणारा विरोध या गोष्टी त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी अनुभवल्या होत्या. वेगवेगळ्या प्रांतांत फिरल्यामुळे, एका ठिकाणी स्वाभाविक मानली जाणारी प्रथा दुसरीकडे नसते, हेही त्यांनी लहान वयातच पाहिले होते.

हंटर आयोगापुढे त्यांनी काय मागितले?

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करणारा हंटर आयोग पुण्यात आला. रमाबाईंनी त्याच्यासमोर मराठीत साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका तयार कराव्यात, शाळा तपासायला स्त्री निरीक्षक नेमावेत आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणाची दारे उघडावीत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. परक्या पुरुषाला दुखणे सांगणे शक्य नसल्यामुळे कितीतरी स्त्रिया उपचाराविना मरतात, हा त्यांचा मुद्दा होता.

ही साक्ष हंटर यांना इतकी महत्त्वाची वाटली, की त्यांनी तिचे इंग्रजीत भाषांतर करवून घेतले. त्यातला विचार आजही लागू आहे. गावात दवाखाना आहे, एवढी नोंद पुरेशी नसते. स्त्री त्या दवाखान्यापर्यंत पोहोचते का आणि तेथे बोलू शकते का, हे विचारावे लागते. आजच्या निर्देशांकांत मातामृत्यूचे प्रमाण धरले जाते ते याच कारणाने. आरोग्यसेवा कागदावर आहे की स्त्रीपर्यंत पोहोचली आहे, ते त्यावरून कळते.

त्यांनी कोणते आकडे वापरले?

वैद्यकीय शिक्षण घेण्यासाठी रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि जवळपास तीन वर्षे तेथे राहिल्या.

१८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रॅचेल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पुस्तकाची मांडणी बालपण, वैवाहिक जीवन, धर्म व समाजातील स्थान, वैधव्य आणि या स्थितीचा समाजावर होणारा परिणाम अशी आहे. स्त्रीच्या आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर तिच्या वाट्याला काय येते, ते त्यांनी क्रमाने तपासले.

आधाराला १८८१ च्या जनगणनेचे आकडे होते. ब्रिटिश अमलाखालील सुमारे ९ कोटी ९७ लाख स्त्रिया आणि मुलींपैकी जेमतेम दोन लाखांना लिहिता किंवा वाचता येत होते, म्हणजे हजारी दोघींना. देशात सुमारे २ कोटी ९ लाख विधवा होत्या. त्यांतल्या सुमारे ७९ हजार नऊ वर्षांपर्यंतच्या, तर दोन लाखांहून अधिक १० ते १४ वर्षांच्या होत्या. पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया पन्नास लाखांहून अधिक कमी भरत होत्या. हा शेवटचा आकडा त्यांनी मुलीच्या जन्माला मिळणाऱ्या वागणुकीशी जोडला. पुढे १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी जगातून दहा कोटींहून अधिक स्त्रिया ‘बेपत्ता’ असल्याचे मांडले, त्यातले मूळ गणितही असेच आहे. आजच्या निर्देशांकात मुलग्याचा हव्यास हा स्वतंत्र निकष असतो.

आकड्यांबरोबर त्यांनी कायदाही तपासला. रखमाबाई खटल्यात मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने, पतीकडे नांदायला जा अन्यथा तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला होता. बालपणी झालेल्या लग्नाला स्त्रीची संमती होती का, हा प्रश्न त्या निकालात गौण ठरला. रमाबाईंनी ते प्रकरण पुस्तकात घेतले, कारण कायद्याच्या राज्याचा दावा करणाऱ्या सरकारचे न्यायालयही स्त्रीच्या बाजूने उभे राहत नाही, हे त्यातून दिसत होते.

अमेरिकेचे मोजमाप त्यांनी कसे केले?

अमेरिकेत रमाबाईंनी शाळा, महाविद्यालये आणि धर्मादाय संस्था पाहिल्या, बालवाडीची फ्रोबेल पद्धती शिकून घेतली. १८८८ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय महिला परिषद भरली. निरनिराळ्या देशांतील स्त्रिया आपापल्या देशांतील स्थिती एकमेकींपुढे मांडण्यासाठी जमल्या होत्या. तेथे रमाबाई भारतीय स्त्रियांविषयी बोलल्या.

परतल्यावर १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचे मराठी पुस्तक आले. त्यात राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, धर्म, व्यापार यांबरोबर स्त्रियांच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. मुलींना मिळणारे शिक्षण, स्त्रियांनी स्वतः उभ्या केलेल्या संस्था आणि त्यांना खुले झालेले व्यवसाय यांचे त्यांनी मोकळेपणाने कौतुक केले. मात्र हे शिक्षण त्यांना विरोधाशी झगडून मिळवावे लागले, हेही सांगितले.

कौतुकापाशी त्या थांबल्या नाहीत. त्या काळी अमेरिकेत वायोमिंगसारखे मोजके प्रदेश वगळता स्त्रियांना निवडणुकीत पुरुषांइतका मताधिकार नव्हता. देशभर तो १९२० मध्ये मिळाला. कायद्याने स्त्रियांवर घातलेली बंधने रमाबाईंनी नोंदवली. कृष्णवर्णीयांशी होणारा भेदभाव आणि मूळनिवासींवरील अन्याय यांवर टीका केली. कंबर आवळणारे पोशाख आणि टोप्यांवर पक्ष्यांची पिसे मिरवण्याची फॅशनही त्यांना खटकली. भारताला लावलेली मोजपट्टी त्यांनी अमेरिकेला लावली आणि त्या देशाच्या समृद्धीने दिपून ती बाजूला ठेवली नाही.

तुलनेवरून वाद का झाला?

पहिल्या पुस्तकाचा परिणाम लगेच दिसला. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतात विधवांसाठी शाळा चालवायला दहा वर्षे मदत देण्याचे तिने मान्य केले. अमेरिकेतील अनेक शहरांत तिच्या शाखा निघाल्या.

पण परदेशी वाचकांपुढे आपल्या समाजाचे दुखणे मांडले, की ते दोन्हीकडे वेगवेगळे ऐकले जाते. अमेरिकेतील काहींना त्यातून स्वतःच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा मिळाला. भारतात काहींना ती देशाची बदनामी वाटली. १८९५ मध्ये स्वामी विवेकानंद यांच्या भाषणांनंतर ब्रुकलिनमधील रमाबाई मंडळाने हिंदू विधवांच्या स्थितीवरून आक्षेप घेतले आणि तो वाद वृत्तपत्रांत रंगला. देशाची प्रतिमा आणि स्त्रीची स्थिती यांची गल्लत होते, तेव्हा चर्चा आकड्यांवरून अभिमानाकडे सरकते. आजही क्रमवारी जाहीर झाली की हेच घडते.

रमाबाईंच्या मांडणीला मर्यादाही होती. पुस्तकाच्या नावातच म्हटल्याप्रमाणे ते उच्चवर्णीय स्त्रीचे चित्र होते. शेतात राबणाऱ्या, दलित आणि आदिवासी स्त्रियांचे जगणे त्यात जवळपास नाही. देशाचा एकच क्रमांक सांगणाऱ्या आजच्या यादीतही हा दोष उरतो. केरळमधील आणि बिहारमधील स्त्री, शहरातील पगारदार आणि ऊसतोड करणारी स्त्री एकाच सरासरीत बसवली जाते.

पुस्तकानंतर त्यांनी काय केले?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक बालविधवा होत्या गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. याच कर्व्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारले.

१८९३ मध्येच मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, या आरोपावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही रमाबाईंनी काम थांबवले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली-बायकांना आणले आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. आता त्यात सर्व जातींच्या स्त्रिया होत्या. पहिल्या पुस्तकाच्या चौकटीत न बसलेल्या स्त्रियाही या कामात आल्या. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे त्याच चालवत होत्या.

सुरक्षितता कोणाच्या सांगण्यावरून ठरवायची?

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ असताना रमाबाईंनी वृत्तपत्राला पत्र लिहिले. सरकारी प्लेग रुग्णालयात आणि छावणीत स्त्रिया सुरक्षित नाहीत, अशी तक्रार त्यांनी केली आणि आपल्या संस्थेतील एका मुलीचे उदाहरण दिले. प्रश्न ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. सरकारने आरोप फेटाळले. सरकारी नोंदीत सर्व सुरळीत होते, तर स्त्रियांचा अनुभव वेगळे सांगत होता.

देशांची तुलना करताना हीच सर्वात मोठी अडचण येते. जेथे स्त्रिया निर्भयपणे पोलिसांत जातात आणि पोलीस तक्रार लिहून घेतात, तेथे गुन्ह्यांचा आकडा मोठा दिसतो. जेथे तोंड दाबले जाते, तेथे कागद कोरा राहतो. म्हणून चांगले निर्देशांक केवळ पोलिसी आकड्यांवर अवलंबून राहत नाहीत. रात्री आपल्या भागात एकटीने चालताना सुरक्षित वाटते का, जोडीदाराकडून गेल्या वर्षभरात हिंसा झाली का, असे प्रश्न थेट स्त्रियांना विचारले जातात.

मग आजच्या क्रमवाऱ्या कशा वाचायच्या?

निर्देशांक कोणता, हे आधी पाहावे. जागतिक आर्थिक मंचाचा, २००६ पासून निघणारा अहवाल स्त्री आणि पुरुष यांच्यातील दरी मोजतो. त्यामुळे दोघेही हलाखीत असलेला देश त्यात वर जाऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांचा लिंगभाव असमानता निर्देशांक प्रजनन आरोग्य, शिक्षण, संसदेतील वाटा आणि रोजगार पाहतो. सुरुवातीला उल्लेख केलेल्या निर्देशांकात सहभाग, न्याय आणि सुरक्षितता या तीन गटांत १३ निकष आहेत. म्हणून एकच देश वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळ्या जागी दिसतो आणि त्यात विसंगती नसते.

त्यानंतर क्रमांकाखालचे निकष एकेक करून पाहावेत आणि त्यांतला कोणता बदलता येईल, हे विचारावे. रमाबाईंनी हेच केले. हजारी दोन साक्षर स्त्रिया हा आकडा त्यांच्यासाठी शाळेच्या मागणीचा आधार होता. उपचाराविना होणारे मृत्यू हे स्त्री डॉक्टर मागण्याचे कारण होते आणि बालविधवांची संख्या शारदा सदनाचे.

१९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले. त्यांनी सुरू केलेली संस्था आजही तेथे आहे. क्रमवारीत देश वर गेला की खाली आला, ही बातमी एका दिवसाची असते. त्या आकड्यातून किती शाळा, किती दवाखाने आणि किती निवारे उभे राहिले, हा हिशेब मात्र रमाबाईंच्या काळाइतकाच आजही मागता येतो.